तीन मिलिमीटरचा झरोका

[दृश्य: गिरगाव. चाळीची मागची गल्ली. भिंतीवर ओळीने चौकोनी झरोके.]

आमच्या चाळीचे फोटो सगळे पुढच्या बाजूने काढतात. लाकडी कठडे, गॅलरी, दोरीवरचे कपडे. मागच्या गल्लीत सहसा कुणी येत नाही. इथे भिंतीला फक्त मोऱ्यांचे झरोके आहेत. तळमजला आणि वर दोन मजले, मजल्याला 16 खोल्या, असे 48 झरोके. सकाळी पाणी आलं की बादल्यांचा, तांब्यांचा, रेडिओचा आवाज इथूनच गल्लीत उतरतो. माझ्यासाठी चाळ म्हणजे ही बाजू.

मी चाळीचं मॉडेल करतोय, एकास शंभर मापाचं. मागची भिंत भरते साधारण 49 सेंटिमीटर. आणि एक फुटाचा झरोका होतो 3 मिलिमीटरचा. न भिजवलेला साबुदाणा जेमतेम बसेल, एवढा.

[दृश्य: टेबल. पांढरी शीट, कटर, भिंग.]

ही शीट हिप्सची, म्हणजे हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. पुठ्ठा पावसाळ्यात दमट हवेने फुगतो, वाकतो. हे प्लास्टिक पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून मुंबईत मला तेच बरं वाटतं.

पहिली भिंत मी सरळ कटरने कापली. पट्टी ठेवली, चारही बाजूंनी पातं ओढलं, झरोका मोकळा केला. डोळ्यांना ठीक दिसत होतं. राखाडी प्रायमर मारला आणि सगळं उघडं पडलं. प्रत्येक कोपऱ्यात कापाच्या रेघा एकमेकींना ओलांडून पुढे गेलेल्या. झरोक्यांभोवती प्लास्टिकचा बारीक कंगोरा उठलेला. पातं पाचरीसारखं असतं. ते शिरतं तेव्हा प्लास्टिक बाजूला ढकलतं आणि तेच काठावर वर येतं. तीन दिवसांचं काम होतं. ती भिंत मी ठेवून दिली आहे, अजून अधूनमधून काढून बघतो.

चौकोनी भोकाचा सगळा जीव कोपऱ्यांत असतो. बाजू किंचित वाकडी गेली तर कानशीने सुधारते. कोपऱ्याबाहेर गेलेला काप मात्र लांबी, म्हणजे पुट्टी, भरूनच झाकावा लागतो, आणि 3 मिलिमीटरच्या झरोक्यात लांबीसुद्धा दिसते.

लेझरने का नाही, असं मला नेहमी विचारतात. अ‍ॅक्रिलिकला लेझर छान चालतो, नव्या टॉवरच्या मॉडेलांसाठी मीही वापरतो. पण पॉलिस्टायरीन कापण्याऐवजी वितळतं आणि काठ जाड होतो. सनबोर्ड तर लेझरखाली घालूच नका. तो पीव्हीसीचा असतो, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. मशीनला गंज चढतो आणि छातीत जातं ते वेगळंच.

[दृश्य: पातळ पट्ट्या, पितळेची चौकोनी सळई.]

मग मी झरोका कापायचंच सोडून दिलं. भिंत त्याच्याभोवती बांधायला घेतली, गवंडी बांधतो तशी.

प्रत्येक मजल्याला तीन पट्ट्या. खालची सलग, वरची सलग. मधली बरोबर 3 मिलिमीटर रुंदीची, आणि तिचे साडेसत्तावीस मिलिमीटरचे तुकडे. पट्टी पूर्ण कापायची नाही. पात्याने दोन-तीनदा हलकी रेघ ओढायची आणि वाकवून मोडायची. काठ स्वच्छ निघतो. खालच्या पट्टीवर तुकडे मांडायचे आणि दोन तुकड्यांमध्ये ही 3 मिलिमीटरची सळई ठेवायची. जेवढी सळई, तेवढाच झरोका. कोपरा कापावाच लागत नाही. दोन सरळ कडा भेटतात, तिथे तो आपोआप होतो.

तुकडा बसला की आधी सळई काढायची. मग बारीक ब्रशने सॉल्व्हंटचा, म्हणजे प्लास्टिक विरघळवून जोडणाऱ्या द्रवाचा, एक थेंब सांध्यावर टेकवायचा, तो फटीतून स्वतःच धावतो. सळई तशीच राहिली तर सॉल्व्हंट तिच्याखाली शिरून झरोक्याची कड खातो. मी एकदा खाऊ दिलाय. आणि खिडकी उघडी हवी, पाऊस असला तरी. ही वाफ बंद खोलीत घेण्यासारखी नाही.

रात्रभर सुकलं की 400 नंबरचा वॉटर पेपर ओला करून सांधे घासायचे. मागून दुसरी शीट लावायची, तिच्यातली भोकं थोडी मोठी ठेवून. जुन्या चाळीची भिंत किमान 9 इंचांची, म्हणजे इथे दोन मिलिमीटरच्या वर. एवढी जाडी दिसली की झरोक्यात सावली पडते. नाहीतर भिंत कागदाची वाटते.

[दृश्य: प्रत्यक्ष भिंत. दुसऱ्या मजल्यावरचा एक झरोका मोठा, काचेच्या पट्ट्यांचा.]

48 झरोके एकसारखे आले. पण खऱ्या भिंतीवर ते तसे नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी आपला झरोका दीड फुटाचा करून घेतलाय, काचेच्या पट्ट्या बसवायला. उजवीकडून पाण्याचा पाइप जातो, म्हणून गवंड्याने तो वर आणि डावीकडेच वाढवला. पट्ट्यांच्या भिंतीत असा एकटा झरोका जमत नाही. तो हातानेच कापायचा.

[दृश्य: भिंगाखाली हात. आवाज फक्त कानशीचा.]

नवं पातं, 30 अंशांचं, टोकदार. टोक आधी कोपऱ्यात रोवायचं, मग काप कोपऱ्यापासून दूर ओढायचा. कोपऱ्याकडे कधीच नाही. एका दमात आरपारही नाही, पापुद्रा-पापुद्रा काढत. शेवटचा केसभर भाग चौकोनी कानशीसाठी सोडायचा. नागदेवी स्ट्रीटवरून आणलेली ही बारीक कानस, तिची एक बाजू मी दगडावर घासून गुळगुळीत केली आहे. एक कड घासताना शेजारची खाल्ली जात नाही. कानशीला शाळेतला खडू चोळला की प्लास्टिकचा भुगा दातांत अडकत नाही.

दीड मिलिमीटर वर. दीड मिलिमीटर डावीकडे. पाइपाकडची कड आहे तिथेच.

काकू काल बघायला आल्या होत्या. भिंग डोळ्याला लावून त्यांनी मजले मोजले, मग खोल्या मोजल्या, आणि बोट ठेवलं. "हा माझा. पण काचा कुठायत रे?"

काचा पुढच्या आठवड्यात.