अहो, ती वाकटी आहे! ओअरफिश असा ओळखा

नमस्कार. या आठवड्यात एकच व्हिडिओ मला इतक्या जणांनी पाठवलाय की आता तो नंबर न बघता डिलीट करते. टोपलीत लांबलचक चंदेरी मासा, मागे भीतिदायक संगीत आणि वर अक्षरं: "प्रलयाचा मासा सापडला, भूकंप येणार!"

अहो, ती वाकटी आहे. दांडगी आहे, मान्य. पण वाकटीच.

प्रलयाचा मासा म्हणतात तो ओअरफिश. त्याचं बेसिक पटकन उरकते. ओअर म्हणजे वल्हं. शास्त्रीय नाव रेगॅलेकस. राहतो खोल समुद्रात, 1000 मीटरपर्यंत. हाडांचा सांगाडा असलेल्या माशांत सगळ्यात लांब, खात्रीची नोंद 8 मीटरची. त्यावरचे आकडे बहुतेक ऐकीव. अंगावर खवले नाहीत. आणि एवढं धूड खातं काय, तर क्रिल, म्हणजे आपल्या जवळ्यासारखा बारीक माल. झालं.

आता मुद्दा. लांबी बघून ओळखू नका! लांब आणि चंदेरी एवढ्यावर वाकटीही बसते. गावागणिक तिला बळा म्हणा, बगा म्हणा. शिवाय ओअरफिशची लांबी मुळातच बेभरवशाची, कारण तो शेपटाकडचा तुकडा स्वतःच टाकून देतो. पालीसारखं, फक्त त्याचं शेपूट परत उगवत नाही. मोठे ओअरफिश बरेचदा असे बुटकेच सापडतात, जखम भरून आलेले. मग फूटपट्टी घेऊन काय करणार?

डोकं बघा. ओअरफिशच्या पाठीवरचा पर डोळ्यांच्या वरूनच सुरू होतो आणि थेट मागेपर्यंत जातो, लालभडक. पुढचे काटे लांब, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे. वाकटीला असला तुरा नसतो.

यावर लगेच कमेंट येणार, आलीच आहे: "ताई, माझ्या फोटोत तुरा नाही, म्हणजे ओअरफिश नाही ना?" असं नाही हो दादा! ते काटे फार नाजूक. जाळ्यात मोडतात, किनाऱ्यावर घासून जातात, आणि मेल्यावर लाल रंगही उडतो. पोटाकडचे दोन लांब दोरे, ज्यांच्या टोकाला वल्ह्यासारखं पातं असतं आणि ज्यावरून नाव पडलं, तेही असेच तुटतात. (त्या वल्ह्यांनी तो वल्हवत नाही, हं. पोहतो पाठीचा पर लहरवत, अंग काठीसारखं सरळ ठेवून, बऱ्याचदा पाण्यात उभा.) तुरा दिसला तर उत्तमच. नाही दिसला म्हणून निकाल लावू नका.

तर मग तोंड उघडा. हे मी अनुभवाने सांगते. हर्णैला संध्याकाळच्या लिलावात एका मावशींच्या टोपलीतली वाकटी मी शहाणपणा करत जबड्यात अंगठा घालून उचलली. [अंगठा कॅमेऱ्यासमोर] हा व्रण. मेलेली होती, तरी सुईसारखे दात आणि पुढच्या सुळ्यांना आकड्यासारखी टोकं. मावशी हसून म्हणाल्या, "शेपटीकडून धरायची गो!" ओअरफिशच्या तोंडात दातच नाहीत. ते तोंड नळीसारखं पुढे येतं, क्रिल आत ओढायला. त्या व्हायरल व्हिडिओतला मासा जबडा उघडतो तिथे पॉज करा. दिसले दात? संपला विषय.

फोटोवरून आठवलं. पंधरा-वीस सैनिक एक लांबच लांब मासा हातावर धरून उभे आहेत, "मेकाँग नदीतली नागराणी" म्हणून फिरतो तो. मीही एकेकाळी पुढे ढकललाय, कबूल. तो आहे 1996 सालचा, कॅलिफोर्नियातल्या कोरोनाडोचा, अमेरिकन नौदलाचा. मासा मात्र खराखुरा ओअरफिश, सात मीटरच्या वर.

आणि भूकंप. जपानमध्ये याला समुद्रदेवाच्या महालातला दूत मानतात. तिथल्याच संशोधकांनी 2019 मध्ये जुन्या नोंदी तपासल्या: खोल पाण्यातले मासे दिसल्याच्या 336 घटना, 221 भूकंप. मेळ बसला एकदाच. आता तरी पाठवू नका.

"आपल्याकडे पहिल्यांदाच" असंही कुणीतरी लिहिलंय. काय पहिल्यांदा! पॅट्रिक रसेल नावाच्या निसर्ग-अभ्यासकाने 1803 च्या पुस्तकात विशाखापट्टणमच्या माशांत याचं चित्र दिलंय. 1816 मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएने त्याच्याच नावावरून रसेलाय ही जात मांडली. नॉर्वेतल्या एका ठिकाणावरून नाव मिळालेली ग्लेस्ने जात वेगळी. दोघांतला फरक तुऱ्यातले काटे मोजून करतात, म्हणजे पुन्हा तेच, तुरा शाबूत हवा.

शेवटचा प्रश्न, दर व्हिडिओखाली असतोच: "खायला कसा लागतो?" गिळगिळीत मांस, बाजारात कुणी विचारत नाही. माझी त्या दिवशीची वाकटी मात्र मावशींनी कापून दिली. रक्त पुसायला फडकंही दिलं.