कोंबडीचं तेल आणि कोंबडीची चोच

(दृश्य : कोंबडी मान वळवून शेपटीकडे चोच नेते.)

बघा, मान पार मागे वळली. चोच शेपटीच्या बुडाशी, वरच्या अंगाला पोचली. पिसं बाजूला सारून ती तिथं काहीतरी चिमटतेय. खाज सुटलीय? नाही. तिथं तिची तैलग्रंथी आहे.

(दृश्य : अगदी जवळून ग्रंथी.)

कातडीखाली एक फुगीर उंचवटा, आत दोन कप्पे आणि वर छोटंसं बोंड. चोचीनं ते दाबलं की मेणचट तेल झिरपतं. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात; अंगाला तेल पुरवणारी मोठी ग्रंथी ही एवढीच.

आता चोच छातीवर, मग पंखावर. एकेक पीस बुडापासून टोकापर्यंत चोचीतून ओढून काढायचं. पण स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोचणार कशी? मग डोकंच ग्रंथीवर घासायचं.

(दृश्य : विस्कटलेलं पीस, भिंगाखाली.)

कौतुक तेलाचं होतं, राबते मात्र चोच. पिसाच्या दांड्याला दोन्हीकडून तंतू, त्या तंतूंना आणखी बारीक तंतू आणि त्यांना सूक्ष्म आकडे. आकडे निसटले की पिसाला फट पडते. चोच फिरली की चेन लावावी तशी फट मिटते. पाणी अडतं ते मुख्यतः या घट्ट विणीमुळं. तेलाचं काम पीस लवचिक ठेवायचं, आणि पीस खाणाऱ्या काही जिवाणूंना आवरायचं. बाकी कोंबडी म्हणजे बदक नव्हे. जोराच्या पावसात ती चिंब भिजतेच.

चोच छाटलेल्या कोंबडीत हे नीट कळतं. वरच्या चोचीचं वाकलेलं टोक गेलं की उवा नीट पकडता येत नाहीत. ग्रंथी धडधाकट, तेल भरपूर, तरी अंगावर उवा माजतात. उलट, शेपूटच नसलेल्या काही जातींच्या कोंबड्यांना ही ग्रंथी नसते, आणि त्यांचं फारसं अडत नाही.

(दृश्य : कोंबडी मातीत लोळते.)

आणि एवढा साजशृंगार करून बाईसाहेब निघाल्या मातीत लोळायला! हा वेडेपणा नाही. धूळ पिसांवर साचलेलं जुनं, शिळं तेल शोषून घेते. अंग झटकलं की दोन्ही जातात. लोळायला मातीच मिळाली नाही, तर तेलाचा थर वाढत जातो, आणि आतली मऊ पिसं एकमेकांना चिकटून नीट फुलत नाहीत.