सशांनी पोखरलेलं गायरान: सेंट अँड्र्यूजची गोष्ट

रविवारची सकाळ. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं सेंट अँड्र्यूज गाव. समोर हिरवंगार दिसतंय ना, तो जगातला सगळ्यात नावाजलेला गोल्फ कोर्स, ओल्ड कोर्स, आणि त्यावर आत्ता एकही गोल्फर नाहीये. एक आजी कुत्र्याला फिरवतायत, दोन पोरं त्या छोट्याशा दगडी पुलावर उभी राहून फोटो काढतायत आणि कुणी त्यांना हाकलत नाहीये. मोठी स्पर्धा वगैरे सोडली तर रविवारी इथे खेळ बंद, मैदान गावाचं.

गोल्फ म्हटलं की आपल्याला आठवतं कंपाऊंड, गेटवरचा वॉचमन आणि फक्त मेंबरांसाठी अशी पाटी. इथली गंमत अशी की ही जागा म्हणजे मुळात गावाचं गायरान. समुद्राकाठची वाळूची टेकाडं, वर आखूड गवत, नांगर लावून काही पिकणार नाही, तिकडे अशा जमिनीला लिंक्स म्हणतात. लोक इथे मेंढरं चारायचे, धुतलेले कपडे पसरायचे, ससे धरायचे, आणि वेळ मिळाला की काठीने चेंडू हाणायचे.

इतका हाणायचे की १४५७ साली राजा दुसऱ्या जेम्सने फुटबॉल आणि गोल्फ दोन्हीवर बंदी घातली, कारण काय तर पोरं तिरंदाजीचा सराव सोडून हेच करत बसतात आणि उद्या लढाई झाली तर बाण कोण मारणार. बंदी कुणी फारशी मनावर घेतली नाही. १५०२ मध्ये तर त्याच्याच नातवाने, चौथ्या जेम्सने, पर्थ गावात गोल्फच्या काठ्या विकत घेतल्या, आणि त्या पण कुणाकडून? धनुष्य बनवणाऱ्याकडून!

१५५२ साली इथल्या आर्चबिशपने एक सनद काढली. लिंक्सवर ससे पाळायची परवानगी त्याला मिळाली, पण गावकऱ्यांचा तिथे गोल्फ खेळायचा हक्क तसाच राहील हे त्यात लेखी आलं. हा कागद लक्षात ठेवा.

क्लब आला त्यानंतर दोनशे वर्षांनी. १४ मे १७५४ ला बावीस बडी मंडळी जमली, चांदीच्या काठीसाठी स्पर्धा ठेवली आणि सोसायटी ऑफ सेंट अँड्र्यूज गोल्फर्स सुरू झाली. पुढे १८३४ मध्ये राजा चौथ्या विल्यमने आश्रय दिला आणि नाव झालं रॉयल अँड एन्शंट. सोसायटी सुरू झाली तेव्हा एक फेरी व्हायची बावीस होलची (होल म्हणजे चेंडू ज्यात घालायचा ते भोक, आणि तिथवरचा खेळायचा पट्टा), म्हणजे अकरा होल जाताना आणि तेच अकरा येताना. १७६४ मध्ये सुरुवातीचे चार होल फारच छोटे वाटले म्हणून त्यांचे दोन केले, जाताना दोन कमी, येताना दोन कमी, झाले अठरा. आज जगभर अठरा होल खेळतात त्याचं मूळ हे, बाकी काही शास्त्र वगैरे नाही त्यात.

आता ससे. १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली आणि तिने चक्क लिंक्स विकून टाकली. ती गेली डेम्पस्टर नावाच्या व्यापाऱ्यांकडे, आणि त्यांनी तिथे ससे पाळायला घेतले, मांस आणि कातडीसाठी. ससा काय फेअरवे, म्हणजे खेळायची कापलेली हिरवळ, बघून बीळ खणतो का? सगळं मैदान पोखरून निघालं. गावकऱ्यांचा खेळायचा हक्क तर १५५२ च्या त्या कागदात लेखी होता. गोल्फर चिडले, भांडणं झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि १८०५ मध्ये निकाल लागला की गावकऱ्यांनी ससे मारले तरी चालतील. तरी भांडण मिटायला १८२१ उजाडलं, शेजारच्या स्ट्रॅथटायरम इस्टेटीच्या जेम्स चीपने जमीन विकत घेतली तेव्हा कुठे ससे हटले. तो स्वतः गोल्फवेडा होता, नाहीतर आज इथे काय असतं कोण जाणे.

त्याच वर्षी गावात टॉम मॉरिस जन्मला. मोठा झाल्यावर तो अ‍ॅलन रॉबर्टसनच्या हाताखाली चेंडू बनवायला लागला. तेव्हाचा चेंडू म्हणजे चामड्याची शिवलेली पिशवी आणि आत टोपीभर उकळलेली पिसं ठासून ठासून भरायची, वाळताना पिसं फुगतात, चामडं आवळतं आणि गोळा दगडासारखा होतो. दिवसभरात तीन-चार चेंडू झाले तर खूप, आणि पावसात भिजला की वाट लागली. मग आला गटापर्चाचा चेंडू, मलायातल्या झाडाच्या चिकाचा, स्वस्त आणि टिकाऊ. गावात अशी दंतकथा सांगतात की पूर्वेकडून आलेल्या विष्णूच्या मूर्तीभोवती हा चीक पॅकिंगला भरला होता, त्यातूनच पहिला चेंडू वळला. खरं-खोटं विष्णूलाच ठाऊक. रॉबर्टसनला मात्र धंदा बुडेल म्हणून हा चेंडू डोळ्यासमोर नको होता, आणि टॉमला त्याने तोच खेळताना पाहिलं, झालं, दोघांचं फाटलं.

टॉम स्कॉटलंडमधल्याच प्रेस्टविक गावी गेला, आणि १८६० च्या दशकात क्लबने त्याला मैदान सांभाळायला परत बोलावलं, वर्षाला पन्नास पौंड पगार, हाताशी ढकलगाडी, कुदळ आणि फावडं. त्याचा एकच मंत्र, ग्रीनवर, म्हणजे होलाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, वाळू पसरा. काटेरी झुडपं साफ करून मैदान रुंद केलं गेलं, आणि एकाच भल्या मोठ्या ग्रीनवर दोन होल झाले, जाणाऱ्यांना पांढरा झेंडा, येणाऱ्यांना लाल. अशा जोडीच्या होलांचे नंबर मिळवून बघा, दोन आणि सोळा, तीन आणि पंधरा, दरवेळी अठराच येतात.

गर्दी वाढली. १८९४ मध्ये पार्लमेंटचा कायदा होऊन लिंक्स परत गावाच्या ताब्यात आली आणि पुढच्याच वर्षी क्लबच्या खर्चाने न्यू कोर्स तयार झाला. सव्वाशे वर्षांवर होऊन गेली, नाव अजून न्यूच, आपल्या नव्या पेठेसारखं. १८९७ मध्ये ज्युबिली, १९१४ मध्ये ईडन.

क्लब आणि कोर्स आजही वेगवेगळे आहेत. समोरची ती दगडी इमारत क्लबची, मैदान नाही. तिथे बायकांना मेंबर व्हायला २०१४ उजाडलं, पण गावातल्या बायका तोवर हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. १८६७ मध्येच त्यांनी स्वतःचा पटिंग क्लब (पटिंग म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवत होलात घालणं) काढला, शेजारच्याच उंचसखल तुकड्यावर. त्या मैदानाचं नाव हिमालया. तिकीट काढा, काठी आणि चेंडू घ्या आणि उतरा. ते बघा, तो चार वर्षांचा पोरगा चौथ्यांदा चुकलाय आणि त्याची आजी मागे रांगेत उभी आहे.