डबीवरचं नाव

(दृश्य : सकाळ. अरुंद गल्ली, निळ्या ताडपत्र्या, पाण्याचे ड्रम. चालणाऱ्या पायांमागून कॅमेरा.)

'बैंगनवाडी, पीठगिरणीच्या मागची गल्ली, टाकीसमोर, वरचा माळा.'

आजारी माणसाला शोधायचं असेल तर एवढा पत्ता पुरतो. पीठगिरणी हलली तर मात्र पुरत नाही. म्हणून या दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये पत्त्याच्या रकान्यात दोन खुणा लिहितात. एक दुकानाची, कारण ती चटकन सापडते. दुसरी अशी, की जी उठून जाणार नाही.

(दृश्य : गच्चीवरून देवनार. कचऱ्याचा डोंगर, वर घारी.)

मुंबई महापालिकेचा हा एम पूर्व विभाग. समोर देवनारची कचराभूमी, १९२७ पासूनची. तिच्या पायथ्याशी दाटीवाटीची घरं आणि त्या घरांमध्ये औषधांना दाद न देणारा टीबी. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थांनी इथे, गोवंडीत, या आजारावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. आपण ज्या दवाखान्यात आहोत, तोही अशाच एका मदतसंस्थेचा. त्याच्या दारावरची पाटी आम्ही दाखवत नाही. इथे कोण येतं, हे शेजाऱ्यांना आमच्या फिल्ममधून कळायला नको.

(दृश्य : नोंदणीचं टेबल. फक्त हात. पेन, पट्टी, कार्डांचा गठ्ठा, जुना लॅपटॉप.)

हे हात डॉक्टरांचे नाहीत. सगळे त्यांना 'डेटावाली दीदी' म्हणतात.

दीदी नाव तीनदा विचारते. आधारवर काय आहे? पासबुकात काय आहे? घरी काय हाक मारतात? मोहम्मद हे एकच नाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे आणि ती 'निक्षय' या पोर्टलवर होते. पोषण आहाराचे पैसे त्याच नोंदीवरून थेट बँकेत जमा होतात. २०१८ मध्ये ते महिन्याला ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं की पैसे अडकतात. त्या पैशांची अंडी आणि डाळ येणार असते, म्हणून दीदी चौथ्यांदाही विचारते.

मग फोन नंबर. स्वतःचा एक आणि ज्याला हा आजार माहीत आहे अशा माणसाचा एक. पुढचा रकाना दीदीने पट्टीने आखून नंतर जोडला आहे : 'या नंबरवर टीबी म्हटलेलं चालेल का?' कॅमेरा जरा जवळ नेऊ या. पानभर 'नाही', 'नाही', 'नाही'. मध्ये एक 'होय'.

(दृश्य : थुंकीच्या नमुन्याची डबी. लेबल चिकटवणारं बोट.)

लेबल डबीच्या अंगावर लावायचं, झाकणावर कधीच नाही. प्रयोगशाळेत झाकण निघतं आणि त्याच्याबरोबर नावही निघून जातं. जीनएक्सपर्ट यंत्र साधारण दोन तासांत सांगतं, की टीबी आहे का आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का. कल्चरचं, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचं, तसं नाही. 'जंतू वाढला नाही' असं म्हणायला सहा आठवडे वाट पाहावी लागते. तेवढ्यात रुग्णाने खोली बदललेली असते, सिम बदललेलं असतं, कधी तो गावी गेलेला असतो. हे सहा आठवडे त्या माणसाला आणि त्याच्या रिपोर्टला एकत्र बांधून ठेवतो तो डबीवरचा एक नंबर. तोच कार्डावर, तोच रजिस्टरमध्ये, तोच लॅपटॉपवर.

(दृश्य : ईसीजीची पट्टी यंत्रातून बाहेर येते.)

औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवरचं बेडाक्विलिन हे औषध चालू असताना हृदयाचा ईसीजी पुन्हा पुन्हा काढतात. त्यात क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. ते ५०० मिलिसेकंदांच्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. पण एकट्या आकड्याला अर्थ नाही, मागच्या वेळी किती होता ते शेजारी दिसलं पाहिजे. आणि हा कागद उष्णतेने छापला जातो, तो काही काळाने पुसट होतो. दीदीच्या फाइलमध्ये अशी एक जुनी पट्टी आहे. पाहा, जवळजवळ कोरी. तेव्हापासून दीदी त्याच दिवशी आकडा उतरवून घेते, पट्टीची झेरॉक्स काढते आणि मगच डबा उघडते.

(दृश्य : कपाटातलं जुनं रजिस्टर. पिवळी पानं.)

यात एका रकान्याचं नाव आहे 'डिफॉल्टर'. म्हणजे उपचार मध्येच सोडणारा, पण ऐकताना वाटतं कर्ज बुडवणारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आपल्या व्याख्यांमधून हा शब्द काढला. 'सस्पेक्ट'ही काढला. आपल्या मराठीत मात्र 'संशयित रुग्ण' अजून सर्रास लिहिलं जातं. पोलिसांच्या डायरीतला शब्द खोकणाऱ्या माणसाला कशाला लावायचा?

(दृश्य : लॅपटॉपची स्क्रीन, मुद्दाम धूसर.)

महिन्याचा अहवाल वर जातो तेव्हा त्यात नाव, पत्ता, फोन काही नसतं. वयाच्या जागी वयोगट असतो. कारण एवढ्याशा वस्तीत 'बावीस वर्षांची, गरोदर, टेलरिंग करणारी' म्हटलं की नाव सांगायला लागत नाही.

नोंद चुकली तर चुकीची औषधं जातात, जंतू आणखी निर्ढावतो, माणूस दगावतो.

(दृश्य : दुपार. टेबलावर आज न आलेल्यांची यादी, हातात फोन. स्पीकर बंद.)

पहिला नंबर बंद. दुसरा लागत नाही. तिसरा कोणीतरी उचलतं, आवाज बाईचा नाही. दीदीची नजर रकान्यावर जाते. तिथे 'नाही'.

"कुछ नहीं भैया, उनको बोलना दीदी का फोन आया था."

फोन खाली ठेवून ती नावापुढे पेन्सिलीने लिहिते : 'उद्या घरी जाणे. टाकीसमोर, वरचा माळा.'