निम्मी बॅग डायपरची

नमस्कार, श्रोतेहो.

माझी भाची नॉर्वेहून सुट्टीला आली. कोथरूडला दादाच्या घरी बॅग उघडली, तर निम्मी बॅग डायपरने भरलेली! वहिनी म्हणाल्या, "अगं, पुण्यात डायपर मिळत नाहीत का?" ती म्हणाली, "आई, तिकडे ऑफर लागली होती, घेऊन ठेवले."

मला नवल वाटलं. महागाईसाठी जगात नावाजलेला देश, आणि तिथे डायपर स्वस्त? भाचीने उलगडून सांगितलं. तान्हं मूल असलेलं कुटुंब दर आठवड्याला दुकानात येणारच. म्हणून तिथली दुकानं एकमेकांच्या चढाओढीत डायपर तोटा सोसूनही विकतात आणि तो तोटा बाकीच्या सामानावर भरून काढतात. मग पोलंड, लिथुएनियातून लोक गाड्या घेऊन येतात आणि पाकिटं भरून नेतात. शेवटी दुकानदारांना 'एका गिऱ्हाइकाला इतकीच' अशी पाटी लावावी लागली. चितळ्यांच्या दुकानातली रांग पाहिलेल्या पुणेकराला यात काय नवल!

अशीच मर्यादा हाँगकाँगमध्येही घालावी लागली, पण ती गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. 2008 मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरीत मेलामाइन या विषारी औद्योगिक रसायनाची भेसळ उघड झाली. सुमारे तीन लाख बाळं आजारी पडली, सहा दगावली. आपल्या देशातल्या पावडरीवरचा विश्वासच उडाला, तेव्हा चीनमधले आईबाप हाँगकाँगला जाऊन डबे आणू लागले. तिथल्याच आयांना पावडर मिळेना. म्हणून 1 मार्च 2013 पासून हाँगकाँगबाहेर जाताना माणशी 1.8 किलोच, म्हणजे साधारण दोन डबे नेता येतील, असा नियम झाला.

आपल्याकडे दोन वर्षांखालच्या बाळांच्या दूध पावडरीची जाहिरात करायला किंवा तिच्यावर सवलत द्यायला 1992 च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा परदेशातल्या दिराने 'दोनवर एक फुकट'चा फोटो पाठवला, तर लक्ष्मी रोडवरच्या औषधवाल्याशी वाद घालू नका. डायपरचं तसं नाही. त्यांच्यावरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे.

आणखी एक. आपल्या छापील किमतीत कर धरलेला असतो. अमेरिकेत फळीवरच्या किमतीवर कर वेगळा लागतो, तोही राज्याराज्यांत निराळा. कॅलिफोर्नियाने 2020 पासून डायपरवरचा कर काढला. म्हणून दोन देशांची पाकिटं शेजारी ठेवून एकूण किमती ताडून काहीच कळत नाही. पाकिटातले नगही कमीजास्त असतात, तेव्हा करासकट एका नगाला काय पडलं ते बघायचं. आपल्याकडे तो आकडा पाकिटावर छापलेला असतो, फक्त चष्मा लागतो.

वहिनींनी चष्मा लावून हिशोब केला. निकाल काय लागला ते मला सांगत नाहीत. पण डायपर संपून रिकाम्या झालेल्या निम्म्या बॅगेत आता तुळशीबागेतली झबली, टोपडी आणि मऊ सुती दुपटी भरली जाताहेत, आणि वजनकाटा सारखा विमानातल्या तेवीस किलोच्या मर्यादेपुढे सरकतोय.