कीश आणि पाण्याचा हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

आज भाज्या आणि चीज घातलेल्या कीशविषयी, म्हणजे मैद्याच्या पारीत अंडी-क्रीमचे मिश्रण ओतून ओव्हनमध्ये भाजलेल्या खाऱ्या पदार्थाविषयी, बोलायचे आहे. उच्चार ‘कीश’ असा आहे, पण चीज किसूनच घालायचे असल्यामुळे ‘कीस’ म्हणणाऱ्यांना फारसा दोष देता येणार नाही. फ्रान्सच्या ईशान्येकडील लोरेन प्रांत हे या पदार्थाचे माहेर, आणि त्याचे नाव केकसाठी असलेल्या ‘कूखन’ या जर्मन शब्दाशी जोडले जाते. लोरेनच्या जुन्या कीशमध्ये अंडी, क्रीम आणि डुकराचे खारवलेले मांस असे. चीज नंतर आले. आपण मांस वगळून भाज्या घालणार आहोत आणि त्यांच्याबरोबर पाण्याचे संकटही पदरात घेणार आहोत.

माझी पहिली कीश ओव्हनमधून बाहेर आली तेव्हा वरून सुरेख सोनेरी दिसत होती. सुरी चालवली आणि कापाच्या फटीतून हिरवट पाणी निथळू लागले. तळाची पारी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती. पालक पिळून घ्यायला मी विसरले होते आणि पारी आधी भाजण्याचा कंटाळाही केला होता. तेव्हापासून कीश करणे म्हणजे पाण्याचा हिशेब ठेवणे, असे मी मानते.

हा हिशेब पिठापासूनच सुरू होतो. २३ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यासाठी २०० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ आणि १०० ग्रॅम बिनमिठाचे लोणी घ्यावे. लोणी फ्रिजमधून नुकतेच काढलेले, घट्ट असावे. मोहन म्हटले की आपल्याला कडकडीत तेल आठवते. येथे मात्र ते थंडगार हवे. लोण्याचे बारीक तुकडे मैद्यात टाकून केवळ बोटांच्या टोकांनी चोळावेत, कारण तळहाताची ऊब लोणी वितळवते. मिश्रण जाडसर रव्यासारखे दिसू लागले आणि अधूनमधून वाटाण्याएवढे लोण्याचे खडे बोटांना लागू लागले की थांबावे. हे खडे राहू द्यायचेच असतात, कारण ओव्हनच्या उष्णतेने ते वितळतात, त्यांतील पाण्याची वाफ होते आणि पारीला पापुद्रे सुटतात. मग बर्फाचे पाणी एकेक मोठा चमचा घालत, तीन ते चार चमच्यांत गोळा जेमतेम जमवावा. तो मळू नये. पाणी आणि मळणे या दोहोंमुळे मैद्यातील ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारे प्रथिन, चिवट होते, आणि पारी भाजताना आक्रसून साच्याच्या कडेवरून खाली घसरते. गोळा झाकून निदान अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवल्यास हा ताण सैलावतो आणि लाटणेही सोपे जाते.

लाटलेली पारी साच्यात न ताणता बसवावी, तळाला काट्याने टोचे मारावेत, वर बटर पेपर पसरून त्यात कोरडी कडधान्ये भरावीत आणि १९० अंश सेल्सिअसवर १५ ते २० मिनिटे भाजावी. नंतर कागद व कडधान्ये काढून, तळ फिकट सोनेरी होईपर्यंत आणखी आठ-दहा मिनिटे द्यावीत. गरम तळावर फेटलेल्या अंड्याचा हात फिरवून दोन मिनिटे पुन्हा ओव्हनमध्ये ठेवल्यास त्याचा पातळ थर बसतो आणि ओल सहज आत शिरत नाही. ही कडधान्ये मात्र पुन्हा शिजवण्याच्या उपयोगाची राहत नाहीत. ती एका बरणीत याच कामासाठी राखून ठेवावीत.

भाज्या कोणत्याही चालतील, पण कच्च्या कोणत्याच नकोत. मश्रूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. ते मोठ्या आचेवर, तव्यावरची चरचर ओसरेपर्यंत परतावेत. पालक वाफवून, गार करून, मुठीत धरून शेवटचा थेंब गळेपर्यंत पिळावा. मोठ्या जुडीचा लिंबाएवढा गोळा उरला तरी हळहळू नये. टोमॅटो घालायचाच असेल तर त्याच्या बिया आणि गर काढून टाकावा. अशी तयार भाजी साधारण २५० ग्रॅम भरावी.

पारीत आधी १०० ग्रॅम किसलेल्या चीजपैकी निम्मे पसरावे, त्यावर गार झालेली भाजी, मग उरलेले चीज. तीन अंडी आणि ३०० मिलिलिटर दूध-क्रीम समसमान घेऊन फेस न आणता एकजीव करावे, आणि हे मिश्रण वरून ओतावे. चीज खारट असते, तेव्हा मीठ बेताने घालावे.

आता ओव्हन १७० अंशांवर आणावा आणि ३५ ते ४० मिनिटे धीर धरावा. अंड्यातील प्रथिने दुधासह साधारण ८० अंशांच्या आसपास घट्ट होतात. उष्णता त्याहून फार वाढली तर ती आवळली जातात आणि धरून ठेवलेले पाणी बाहेर टाकतात. म्हणजे भाज्या कितीही पिळल्या तरी, भाजणे लांबले की पाणी पुन्हा दारात उभे. म्हणून साचा हलकेच हलवून पाहावा : कडा स्थिर आणि मध्यभाग किंचित थरथरणारा दिसला की कीश बाहेर काढावी. आतील उष्णतेने मध्यभाग बाहेरही जमत राहतो, त्यामुळे २० ते ३० मिनिटे सुरी लावू नये. उरलेली कीश दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास पारी मऊ पडते. मंद ओव्हनमध्ये पंधरा मिनिटे ठेवली, तर ती पुन्हा खुसखुशीत होते.