प्रवेशानंतरचे कर्तव्य

शिक्षक आणि पालक मित्रहो,

साताऱ्यात शिक्षणाच्या हक्काविषयी बोलताना कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण अपरिहार्य आहे. १९१९ साली कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आली आणि इथल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहून शिकू लागली. शाळेबाहेर राहणे हा मुलाचा दोष नव्हे, हे या जिल्ह्याने तेव्हाच स्वीकारले. दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र ते अजून पुरते स्वीकारलेले नाही. ‘आमच्याकडे सोय नाही’ एवढे ऐकून पालक माघारी फिरतात आणि सोय करणे हे शाळेचेच कर्तव्य आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

कायदा याविषयी स्पष्ट आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत, किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत, मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. कलम १६ अनुदानित शाळांइतकेच मान्यताप्राप्त खासगी शाळांनाही लागू आहे. प्रवेशात भेदभाव न करणे ही त्यातील केवळ पहिली अट; इमारत सुगम करणे, मुलाच्या गरजेनुसार अध्यापनात बदल करणे, अंध व कर्णबधिर मुलांना ब्रेल किंवा सांकेतिक भाषेतून शिकवणे, अध्ययन अक्षमता लवकर ओळखणे आणि ये-जा करण्यासाठी वाहनाची व्यवस्था करणे हेही त्यातच येते. जावळी किंवा पाटणच्या डोंगरी वाडीत राहणाऱ्या मुलासाठी यातील शेवटची तरतूद सर्वांत मोलाची आहे, कारण तिथे वर्गापर्यंत पोहोचणे हाच पहिला अडथळा असतो.

मला सर्वाधिक काळजी वाटते ती गृहाधारित शिक्षणाची. शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी शिकण्याचा पर्याय दिला. हा पर्याय मुलाचा आहे, शाळेचा नाही. केवळ उतार बांधलेला नाही किंवा विशेष शिक्षक नेमलेला नाही म्हणून मुलाचे नाव पटावर ठेवून त्याला घरी बसवले जात असेल, तर त्याच्या हक्काचा वापर त्याच्याच विरुद्ध होत आहे.

वर्गात साठ मुले सांभाळणाऱ्या शिक्षकावर हे ओझे एकट्याने टाकणे अन्यायाचे ठरेल, हेही मी आवर्जून सांगतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवण्याचा आदेश दिला आणि त्यानुसार २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक स्तरावर दहा आणि उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवून दिले. ती पदे भरण्याची मागणी शिक्षक आणि पालकांनी मिळून केली पाहिजे.

पालकांनी आपली मागणी तोंडी न ठेवता मुख्याध्यापकांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. लेखनिक, परीक्षेतील वाढीव वेळ, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, जे हवे ते त्यात नेमके लिहावे. शाळेने दाद दिली नाही, तर तीच पोच जोडून राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.